पहाटेचा चहा कोण करतं?

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी पहाटे लिहिण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं त्याच चार ओळींवर आली आहेत. लेखक कधी लिहितात, किती लिहितात, लिहायला बसण्याआधी काय करतात, आणि आम्हाला ते का जमत नाही, असे प्रश्न आहेत. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. मी टपाल खात्यात ३७ वर्षं काढली, कराड, इस्लामपूर आणि शेवटी मिरज. त्यामुळे माझ्या उत्तरांत उदाहरणंही तिथलीच येतील.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. दोन मुलं, सासूबाई, आणि मिस्टर फिरतीच्या नोकरीत. मोठे लेखक पहाटे चार-पाचला उठून लिहितात असं जिथे-तिथे वाचते. म्हणून जानेवारीत मीही साडेचारचा गजर लावला. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता डोळा लागला, पोरं हसली. माझ्यात चिकाटीच नाही का? (एक शिक्षिका, बार्शी)

चिकाटी तुमच्यात भरपूर आहे. नोकरी, घर आणि दोन मुलं सांभाळून जी बाई तीन आठवडे साडेचारला उठते, तिला कोणी चिकाटी शिकवू नये. कमी पडली ती झोप. आणि ती का कमी पडली, हे बघायला हवं.

माझ्याच खात्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगते. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार १८३४ साली टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत नोकरीत राहिला. रस्त्याकडेला उभ्या टपालपेट्या बसवाव्यात ही त्याची शिफारस होती, आणि तिच्यामुळे १८५२ मध्ये जर्सी बेटावर त्या पहिल्यांदा बसल्या. हा माणूस पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. आदल्या दिवशी लिहिलेलं अर्धा तास वाचायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. लेखकांच्या दिनक्रमावर कोणीही लिहायला बसलं की हे आकडे येतातच, आणि ते वाचून तुमच्यासारख्या बायका गजर लावतात.

पण ट्रोलपने आत्मचरित्रात त्याच्या शेजारीच आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. त्याला हाक मारून उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घरचा एक म्हातारा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा नोकर होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. त्या घरात राहिलो तेवढ्या वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा आला नाही, असं ट्रोलप लिहितो. आपल्या यशात इतर कुणापेक्षा त्याचंच देणं जास्त असेल, असंही तो कबूल करतो. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की साडेपाचला कॉफी तयार ठेवणारा माणूस स्वतः किती वाजता उठत असेल?

तेव्हापासून कोणाचाही दिनक्रम वाचला की मी आधी चहा कोण करतं ते शोधते.

आता माझं सांगते. १९८४ साल. मिरजेत भाड्याच्या दोन खोल्या, आणि वाड्यातल्या सामायिक नळाला पाणी यायचं पाच वाजता. पावणेसहाला जायचं. ते भरणं माझ्याकडे होतं, कारण कचेरीला दहाला जाणारी आणि सकाळी घरात असणारी मीच, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणून मी चारला उठायचे. स्वयंपाकघरात चाळीसचा दिवा लावून फुलस्केप वही उघडायची, आणि जरा कुठे वाक्याला वाक्य लागलं की नळ सूं सूं करायला लागायचा. वाक्य तिथेच टाकून कळशी उचलायची. असं तीन वर्षं चाललं. काय लिहितेस म्हणून कोणी विचारलं तर घरखर्चाचा हिशेब असं सांगायचे. गोष्टी लिहिते हे सांगायची लाज वाटायची.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. एक दिवस त्यांनी ती वही हातात घेतली, पानं उलटली, आणि म्हणाल्या, "सूनबाई, आपल्या घरात एवढा पैसा कुठंय गं, की त्याचा एवढा हिशेब निघतोय?"

त्या रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. घरात मोठी चर्चा झाली नाही. ह्यांनी ताटावरून उठताना एवढंच म्हटलं, "पाणी उद्यापासून मी भरतो." आणि भरलं. पुढची एकोणीस वर्षं, नवीन घरात टाकी येईपर्यंत भरलं. मी साडेचारला उठू लागले आणि पावणेसहापर्यंत सलग बसू लागले. माझं पहिलं पुस्तक त्या नळाच्या पाण्यावर उभं आहे, असं मी आजही मानते.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनही पहाटे लिहायच्या, हे तुम्ही वाचलं असेल. त्या न्यूयॉर्कला एका प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या. मुलं "आई" म्हणून हाक मारायच्या आधी, पाचच्या सुमाराला, त्यांचं लिखाण व्हायचं. अंधारातच उठून त्या स्वतःची कॉफी स्वतः करायच्या, आणि ती पीत उजाडताना पाहायच्या. त्यांची पहाट आवडीतून आलेली नव्हती. दिवसाचे बाकी सगळे तास दुसऱ्यांचे झालेले होते, तेवढाच एक उरला होता. पुढे मुलं मोठी झाल्यावरही ती सवय राहिली, कारण सकाळीच आपलं डोकं स्वच्छ चालतं हे त्यांना कळलं होतं.

तेव्हा तुम्ही साडेचार सोडून द्या. आधी झोपा. घरात रात्री सगळ्यांसमोर सांगा की मी लिहिते, आणि त्यासाठी मला अमुक वेळ हवी आहे. सांगितल्याशिवाय कोणी कळशी उचलत नाही. मिस्टर रविवारी घरी असतील तर रविवारचा सकाळचा चहा-नाश्ता त्यांच्याकडे द्या आणि नऊपर्यंत दार लावून बसा. आठवड्यात शाळा सुटल्यावर त्याच वर्गात, त्याच टेबलावर, अर्धा तास थांबता येतं का बघा. रिकामा वर्ग फार चांगली जागा असते. भिंतीवर पाढे, खडूची धूळ, आणि कोणी काही मागत नाही. एक बस चुकली आणि चाळीस मिनिटांनी पुढची मिळाली, असं घरी धरून चालतील. पण मी म्हणेन, तेही लपवू नका.

मावशी, मी चाकणला कंपनीत आहे. आठवड्याला पाळी बदलते. फर्स्ट, सेकंड, नाईट. "रोज एकाच वेळी बसा" हा सल्ला माझ्या काय कामाचा? कविता नाही, कादंबरी लिहितोय, गावाकडच्या धरणाची. (एक वाचक, राजगुरुनगर)

तुझ्यासाठी तो सल्ला बाद आहे. घड्याळाला बांधता येत नसेल तर कामाला बांध. कोणतीही पाळी असो, तू घरी येतोस, हातपाय धुतोस, जेवतोस. हातपाय धुणं आणि जेवण यांच्या मधली जागा धर. भूक लागलेली असते, म्हणून रेंगाळायला होत नाही. दहा ओळी, मग ताट. दहाच. अकरावी सुचली तर तिचे पहिले तीन-चार शब्द लिहून थांब.

हे शेवटचं मी कचेरीत शिकले. हिशेबाच्या वहीचं पान भरलं की तळाशी बेरीज मांडून "पुढे नेली" लिहायचं, आणि नव्या पानाच्या माथ्यावर "मागील पानावरून आणली". वही आठ दिवसांनी उघडा नाहीतर दुसऱ्या कारकुनाने उघडा, काम अडत नाही. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेही हेच सांगायचा, की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं काम थांबवावं. त्याला रोजची सकाळ मोकळी होती. तुझ्यासारख्या, सलग दिवस न मिळणाऱ्या माणसाला याची त्याच्याहून जास्त गरज आहे. पाळी बदलताना दोन दिवस शरीर ठिकाणावर नसतं, ते दोन दिवस लिहू नकोस. फक्त शेवटचं पान वाच.

तुझ्या पत्रात काफ्का या जर्मन भाषेतल्या लेखकाचा उल्लेख आहे. प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत तो सकाळी आठ ते दुपारी दोन नोकरी करायचा आणि रात्री उशिरा लिहायला बसायचा. १९१२ च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्री दहा ते सकाळी सहा, अशा एका बैठकीत त्याने आख्खी कथा लिहून काढली. ती रात्र सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या रोजनिशीत लिहिता न आल्याच्या, थकल्याच्या, डोकं दुखल्याच्या नोंदी पानोपानी आहेत. मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाने जागरणाचा तो धडा घेऊ नये. रात्रपाळीत झोप नसलेला हात कुठे जातो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि कंपनीच्या बसमध्ये बसायला जागा मिळत असेल तर पेन्सिल वापर. मघाशी सांगितलेला ट्रोलप खात्याच्या कामासाठी रेल्वेने सतत फिरायचा, तेव्हा मांडीवर पाटी ठेवून पेन्सिलीने लिहायचा आणि घरी त्याची बायको ते शाईने उतरवून काढायची. (इथेही एक चहा करणारं माणूस आहेच बघ.) तू मोबाईलवर लिहिलंस तरी हरकत नाही. मात्र एकच जागा ठेव. अर्धं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, अर्धं वहीत, असं झालं की धरण बांधून व्हायच्या आधीच फुटतं.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. फोंड्याला घर आहे, वर स्वतंत्र खोली, टेबल, पंखा, खिडकीतून माड दिसतात. पत्नी सकाळी वर चहा पाठवते. आयुष्यभर याच दिवसांची वाट पाहिली होती. तीन वर्षांत चौदा पानं झाली आहेत. (एक वाचक, फोंडा, गोवा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हा काळ माझ्याही वाट्याला आला होता. २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि आठ महिने एक पान लिहिलं नाही. पावणेसहाला वही मिटण्याचं कारणच गेलं होतं. सकाळचं दुपारवर गेलं, दुपारचं उद्यावर. वेळ अफाट असला की तो हातात धरायला कडाच मिळत नाही.

टिळकांचं उदाहरण तुम्हीच दिलं आहे, मंडालेच्या तुरुंगातल्या गीतारहस्याचं. त्याचा तपशील नीट बघा. १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत, एका हिवाळ्यात त्यांनी तो ग्रंथ लिहिला. सुटे कागद मिळत नव्हते, बांधलेल्या वह्या मिळायच्या आणि त्यांची पानं मोजलेली असायची. शाई नाही. पेन्सिली मिळायच्या त्याही टोक करून, कारण चाकू जवळ ठेवता येत नव्हता. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहून काढली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत. हे पाच दिवस वाचून कोणी पाच दिवसांची योजना करू नये. ती आई त्यांच्या आत आयुष्यभर चाललेली होती. तुरुंगात असल्याने लिहिता येतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तुरुंगाने त्यांचं आणखी किती लिखाण खाल्लं हे कोण सांगणार? पण मोजून दिलेली पानं ही गोष्ट मला फार खरी वाटते.

एक दोनशे पानी बांधीव वही घ्या. स्वतःच्या हाताने पानांना आकडे घाला, शेवटपर्यंत. फाडायचं नाही. बसायची वेळ सकाळी दीड तास, त्यापुढे वरच्या खोलीत जायलाच बंदी. आणि कोणीतरी वाट बघणारं हवं. मराठी लेखकाचं अर्धं लिखाण दिवाळी अंकांनी करून घेतलं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून पावसाळा आला की संपादकाचं पत्र येतं आणि लेखक टेबलाशी बसतो. माझ्या कथांपैकी निम्म्या तरी जून-जुलैत लिहिलेल्या आहेत, बाहेर पाऊस आणि आत तारीख. तुम्हाला अजून संपादक नसेल तर एखाद्या जुन्या सहकाऱ्याला सांगा, दर शनिवारी पाच पानं टपालात टाकीन म्हणून. ईमेल चालेल, पण टपालात डाक निघण्याची वेळ ठरलेली असते, आणि ती कुणासाठी थांबत नाही. थैलीला लाख लागली की लागली.

आणि एक विनंती. चहा वर मागवू नका. स्वतः खाली जाऊन दोघांचा करा, दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा, आणि मग कप घेऊन वर जा. बसण्याआधीची एक हद्द तयार होते. शिवाय तुमच्या पत्नीनेही कशाची तरी वाट पाहिलीच असेल ना या दिवसांत? ते विचारलंत का?

लिहिण्याआधी काही विधी करावा का? मी उदबत्ती लावते, ठरावीक पेन लागतं, पेन सापडलं नाही की दिवस गेला. (एक विद्यार्थिनी, अमरावती)

विधी करावा, पण तो हरवू शकणाऱ्या वस्तूवर टांगू नये. अमेरिकन लेखिका माया अँजेलो गावातच हॉटेलची खोली महिन्याने घेऊन ठेवायच्या, भिंतीवरची चित्रं काढून टाकायला लावायच्या, आणि सकाळी साडेसहाला तिथे हजर व्हायच्या. त्या खोलीत बायबल, शब्दकोश, पत्ते आणि शेरीची बाटली असायची. पण खरा विधी म्हणजे घरातून निघून त्या खोलीत जाणं. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास दिला आहे, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभालाच. त्यात शाई, लेखणी, कागद, ओळींमधलं अंतर सगळं येतं. पण भर आहे तो हाताच्या सवयीवर. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत, एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असं त्यांचं म्हणणं.

माझा विधी सांगते. पोस्टात सकाळी कोणतंही पत्र हातात घेण्याआधी तारीख-शिक्क्यातले आकडे बदलायचे आणि नव्या तारखेचा ठसा एका वहीत उमटवून ठेवायचा. तो ठसा पडला की दिवस सुरू. मी पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालते. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशीही घालते. पेन कोणतंही चालतं.

काकू, मला लिहायला बसायची सवयच नाही. भाकरी थापताना ओळी येतात, छान येतात. रात्री सगळं आवरून वही घेतली की एकही आठवत नाही. सोबत आठवलेल्या चार ओळी पाठवत आहे. (एक गृहिणी, भुसावळ)

तुमच्या चार ओळी चांगल्या आहेत. तिसरी तर फारच. "धुणं वाळतं तसा दिवस वाळतो" हे टेबलाशी बसून सुचत नाही.

तुमच्याच मुलखात, जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या ओव्या रचत गेल्या. ऐकणाऱ्यांपैकी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने त्या उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. ज्या उतरवल्या गेल्या नाहीत त्या किती होत्या, याचा विचार आला की मला आजही चैन पडत नाही. हातांना लय असली की शब्दांना लय येते, हे आपल्या ओव्यांनी शेकडो वर्षं दाखवलं आहे. तेव्हा तुम्हाला सवय नाही असं म्हणू नका. तुमची बसायची वेळ ठरलेली आहे. रोज दोन्ही वेळच्या भाकऱ्यांची. फक्त उतरवून घेणारं कोणी नाही.

रात्रीपर्यंत थांबू नका. ओळ आली की ती भाकरी तव्यावर टाका, आणि ती उलटायच्या आत लिहा. आख्खी ओळ नको, दोन शब्द पुरतात, रात्री त्या दोन शब्दांना धरून बाकीची वर येते. हात पिठाचा आहे म्हणून अडू नका. माझ्या जुन्या वह्यांच्या कडांना अजून ज्वारीचं पीठ आहे.

आणि पेन्सिल शोधायला लागू नये म्हणून आमच्या काउंटरवर करायचो तसं करा. लोक मनीऑर्डरचा फॉर्म भरायला पेन घ्यायचे आणि नेहमी खिशात घालून न्यायचे, म्हणून आम्ही ते सुतळीने खिळ्याला बांधून ठेवायचो. ओट्याच्या वर, मिसळणाच्या डब्याजवळ एक खिळा ठोका, शेजारी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू लावा, आणि पेन्सिल सुतळीने बांधा. सुतळी हातभर ठेवा, फार लांब नको. गॅसपर्यंत पोचते.